पिवळ्या पानाचा इतिहास : दोन औंस माती आणि वॉरिंग्टन घराण्याच्या तीन पिढ्या

१/
काचपेटीतले मासे ठणठणीत असतात, पाणी नितळ असते, दिवा रोज वेळेवर लागतो. आणि तरीही आठवड्यागणिक पाणवनस्पतींची पाने पिवळी पडत जातात. कुठे जुन्या पानांची चाळण होते, कुठे नवी पालवी केवड्याच्या पातीसारखी फिकट निघते. दुकानदार एक बाटली हाती देतो, ती पेटीत ओतली जाते, आणि पुष्कळदा काहीच घडत नाही. या घरगुती प्रश्नामागे साडेतीनशे वर्षांहून अधिक काळाचा इतिहास आहे. आजचा धागा त्याच इतिहासाचा.

२/
या कथेत एक विलक्षण योगायोग आहे. तिच्यातील तीन महत्त्वाचे टप्पे एकाच इंग्रज घराण्यातील तीन पिढ्यांच्या नावावर आहेत. आजोबांनी १८५० मध्ये मासे आणि वनस्पती यांचा 'समतोल' काचपात्रात साधून दाखवला. त्या समतोलातील नत्राचे कोडे मुलाने पुढे उलगडत नेले. आणि नातीने १९२३ मध्ये असे एक अन्नद्रव्य सिद्ध केले, ज्याची आजोबांना कल्पनाही नव्हती. त्यांच्यापर्यंत पोहोचण्यासाठी आधी दोनशे वर्षे मागे जावे लागेल.

३/
ब्रसेल्सचा वैद्य यान बाप्टिस्ट व्हॅन हेल्मॉन्ट याने एका कुंडीत २०० पौंड कोरडी माती भरली आणि तिच्यात ५ पौंड वजनाचे विलो वृक्षाचे रोप लावले. पाच वर्षे केवळ पाणी घातले. शेवटी झाडाचे वजन १६९ पौंडांहून थोडे अधिक भरले. माती मात्र सुमारे २ औंसांनीच कमी झाली होती. झाड संपूर्णपणे पाण्यापासूनच बनते, असा निष्कर्ष त्याने काढला. त्याच्या मृत्यूनंतर, १६४८ मध्ये, हे लेखन प्रसिद्ध झाले.

४/
हवेतून झाडाला काय मिळते हे तेव्हा कुणालाच ठाऊक नव्हते, म्हणून ती चूक समजण्याजोगी आहे. परंतु दुसरी गोष्ट अधिक बोलकी आहे. २ औंस म्हणजे जेमतेम ५७ ग्रॅम माती कमी झाली, हे त्याने नोंदवले आणि किरकोळ समजून सोडून दिले. वनस्पतींच्या खनिज पोषणाचा पुढचा सारा इतिहास त्या सोडून दिलेल्या दोन औंसांमध्ये दडलेला होता. हे दोन औंस लक्षात असू द्या. ते पुन्हा पुन्हा भेटणार आहेत.

५/
१६९९ मध्ये जॉन वुडवर्ड या इंग्रज अभ्यासकाने पुदिन्याची रोपे निरनिराळ्या पाण्यांत वाढवली : पावसाचे पाणी, झऱ्याचे पाणी, टेम्स नदीचे पाणी, लंडनच्या हाइड पार्कमधील नळाचे पाणी, आणि त्याच पाण्यात बागेतील माती कालवून केलेले मिश्रण. केवळ पाण्याने झाड पोसत असेल, तर सगळी रोपे सारखीच वाढायला हवी होती. प्रत्यक्षात पाणी जितके गढूळ, तितकी वाढ अधिक झाली. मातीतील 'काहीतरी' पाण्यातून झाडाला मिळते, एवढे त्यावरून स्पष्ट झाले. ते 'काहीतरी' नेमके काय, हे सांगण्याजोगे रसायनशास्त्र अजून जन्मायचे होते.

६/
अठराव्या शतकात मात्र साऱ्यांचे लक्ष मातीवरून हवेकडे वळले. मेणबत्तीने दूषित झालेली हवा पुदिन्याची डहाळी पुन्हा शुद्ध करते, असे जोसेफ प्रीस्टलीला १७७१ मध्ये आढळले. १७७९ मध्ये यान इंगनहाउस याने पाण्यात बुडवलेली पाने उन्हात ठेवली आणि त्यांवर येणारे बुडबुडे निरखले. हे कार्य केवळ हिरवे भाग करतात आणि तेही उजेडातच, हे त्याने दाखवले. शाळेत हायड्रिलाच्या फांदीवर नरसाळे पालथे घालून आपण जो प्रयोग करतो, त्याचे हे मूळ.

७/
या वायुशास्त्राच्या वातावरणात रॉबर्ट वॉरिंग्टन (१८०७–१८६७) हा रसायनज्ञ घडला. १८४१ मध्ये लंडनची केमिकल सोसायटी स्थापन करण्यात त्याचा पुढाकार होता. लंडनच्या औषधनिर्मात्यांच्या संस्थेत, म्हणजे 'अपॉथिकरीज हॉल'मध्ये, तो मुख्य रसायनज्ञ होता. मासा प्राणवायू घेतो आणि कार्बन डायऑक्साइड सोडतो. वनस्पती उजेडात याच्या उलट करते. मग पाणी न बदलता दोघे एकमेकांच्या आधाराने कायमचे जगू शकतील काय, असा प्रश्न त्याने घेतला.

८/
मोठ्या काचपात्रात त्याने झऱ्याचे पाणी निम्म्यापर्यंत भरले. तळाशी वाळू आणि चिखल, त्यावर सच्छिद्र चुनखडीचे व वालुकाश्माचे दगड. चिखलात व्हॅलिस्नेरिया स्पायरॅलिस या पाणवनस्पतीचे रोप लावले आणि दोन छोटे सोनमासे सोडले. काही काळाने जुनी पाने कुजू लागली, पाणी गढूळले. तेव्हा त्याने गोड्या पाण्यातील गोगलगायी आणून सोडल्या. त्यांनी कुजका पाला फस्त केला. त्यांची अंडी माशांच्या पोटात गेली. पाणी निवळले. मार्च १८५० मध्ये हे निरीक्षण केमिकल सोसायटीपुढे वाचले गेले.

९/
पुढची काही वर्षे इंग्लंडला काचपेट्यांनी वेड लावले. १८५३ मध्ये लंडनच्या प्राणिसंग्रहालयात सार्वजनिक मत्स्यगृह उघडले. १८५४ मध्ये फिलिप हेन्री गॉस याचे 'द अ‍ॅक्वेरियम' हे पुस्तक आले आणि तो शब्द घरोघरी पोहोचला. मासा, वनस्पती आणि गोगलगाय यांचे परिपूर्ण वर्तुळ, स्वतःच्या बळावर चालणारे छोटेसे जग, ही कल्पना लोकांना फार भावली. आजही ती पुष्कळांच्या मनात पक्की आहे.

१०/
परंतु त्या पात्राकडे पुन्हा एकदा पाहा. वॉरिंग्टनचे स्पष्टीकरण वायूंचे होते. व्हॅलिस्नेरियाला पोटॅश कुठून मिळत होता? लोह कुठून? कॅल्शियम कुठून? वाळूतला चिखल, चुनखडीचे दगड, झऱ्याचे पाणी आणि माशांची विष्ठा ही सारी मुकाट्याने वनस्पतीला पोसत होती. हिशेबात मात्र त्यांना जागा नव्हती. हेल्मॉन्टचे ते दोन औंस इथेही होते, आणि इथेही ते मोजले गेले नव्हते.

११/
त्याच सुमारास शेतीच्या रसायनशास्त्रात हा हिशेब सुरू झाला होता. १८२८ मध्ये कार्ल श्प्रेंगेल याने, आणि १८४० नंतर युस्टुस फॉन लीबिग याने अधिक गाजावाजा करून, एक नियम मांडला. पिकाची वाढ सर्वांत विपुल अन्नद्रव्यावर अवलंबून नसते. गरजेच्या मानाने जे सर्वांत तुटपुंजे, त्यावर ती अडते. म्हणजे नत्र कमी असताना कितीही स्फुरद ओतला तरी वाढ होणार नाही. आणि नत्राची उणीव भरली की पालाशाची उणीव उघडी पडेल. काचपेटीत बाटली ओतूनही काही न घडण्याचे पहिले कारण हेच.

१२/
पानाला 'रोगी' न म्हणता 'उपाशी' म्हणायला शिकवले ते फ्रान्सच्या युझेब ग्री याने. १८४३ च्या सुमारास त्याने पिवळ्या पडलेल्या पानांना लोहक्षारांचे, म्हणजे आपल्याकडच्या हिराकशीसारख्या पदार्थांचे, पाणी लावले. आणि ती पाने हिरवी झाली. पुढे १८५७ मध्ये त्याचा मुलगा आर्थर ग्री याने सूक्ष्मदर्शकाखाली हेच परिवर्तन हरितद्रव्याच्या कणांत पाहिले. आपल्याकडे उसाच्या अशाच फिकट पानांना शेतकरी 'केवडा' म्हणतात. लक्षणाला नाव सगळीकडे होते. त्यामागचे कारण ग्री पितापुत्रांनी दाखवले.

१३/
१८६० मध्ये युलियुस फॉन झाक्स आणि विल्हेल्म क्नोप या जर्मन संशोधकांनी मातीलाच रजा दिली. पाण्यात मोजून क्षार विरघळवायचे आणि रोपाची मुळे त्यात सोडायची. एकेक क्षार वगळून पाहिला की कोणत्या उणिवेने कोणते लक्षण उमटते, हे कळू लागले. नत्र, स्फुरद, पालाश, कॅल्शियम, मॅग्नेशियम, गंधक आणि लोह अशी यादी तयार झाली. काचपेटीत आज आपण जी द्रावणे ओततो, त्यांचे पूर्वज क्नोपच्या या द्रावणात सापडतात.

१४/
अनेकांना वाटले, यादी पुरी झाली. ती पुरी झाली नव्हती. त्या काळचे क्षार पुरेसे शुद्ध नव्हते. त्यांच्या भेसळीत जस्त, तांबे, मँगेनीज, बोरॉन ही द्रव्ये लेशमात्र येत. भांड्यांच्या काचेतूनही काही द्रव्ये पाझरत. रोपे जगत होती ती या न मोजलेल्या देणगीवर. प्रयोगाचे साहित्य जसजसे शुद्ध होत गेले, तसतशी रोपे मरू लागली, आणि त्या मरणातूनच नवी अन्नद्रव्ये सापडत गेली.

१५/
आता घराण्याची दुसरी पिढी. वॉरिंग्टनचा मुलगा, त्याचेही नाव रॉबर्टच (१८३८–१९०७), वडिलांच्या प्रयोगशाळेत रसायनशास्त्र शिकला आणि शेतीकडे वळला. १८७६ मध्ये तो हार्पेंडन येथील रॉथॅमस्टेड या प्रसिद्ध कृषिसंशोधन केंद्रात कामाला लागला. शेतात अमोनिया घातला तर त्याचे नायट्रेट होते, हे माहीत होते. कसे होते, हा वादाचा विषय होता. ही क्रिया निव्वळ रासायनिक आहे, असे अनेकांचे मत होते.

१६/
१८७७ मध्ये फ्रान्समध्ये श्लोसिंग आणि म्युंट्झ यांनी सांडपाणी वाळू व चुनखडीच्या थरातून हळूहळू झिरपू दिले. सुमारे वीस दिवस काहीच घडले नाही. मग नायट्रेट येऊ लागले. क्लोरोफॉर्मची वाफ सोडताच ते थांबले. क्लोरोफॉर्मने गुंगी येते ती सजीवांना. अर्थात हे काम जंतूंचे होते. वॉरिंग्टनने १८७८ मध्ये रॉथॅमस्टेडच्या मातीवर याची खातरजमा केली आणि पुढे दाखवले की ही क्रिया दोन टप्प्यांत होते : अमोनियाचे नायट्राइट, मग नायट्राइटचे नायट्रेट, आणि दोन्ही टप्प्यांचे जंतू वेगळे.

१७/
हे जंतू वेगळे काढण्यात त्याला यश आले नाही. १८९० मध्ये सर्गेई विनोग्राद्स्कीने ते साधले. पण वडिलांच्या पात्राचा मोठा भाग मुलाच्या शोधाने उलगडतो. सोनमाशांचा अमोनिया माशांनाच विषारी ठरला असता. काही वनस्पतीने थेट शोषला, उरलेल्याचे चिखल-वाळूतल्या जंतूंनी नायट्रेट केले, आणि तेही वनस्पतीचे खाद्य झाले. काचपेटी 'सुरू करताना' चार-सहा आठवडे धीर धरायला सांगतात, तो धीर याच जंतूंच्या वाढीसाठी असतो.

१८/
तिसरी पिढी कॅथरीन वॉरिंग्टन (१८९७–१९९३) हिची. वडील गेले तेव्हा ती जेमतेम नऊ वर्षांची होती. पुढे ती त्याच रॉथॅमस्टेडमध्ये विनिफ्रेड ब्रेंचली या ज्येष्ठ वनस्पतिशास्त्रज्ञ स्त्रीच्या विभागात काम करू लागली. 'ब्रॉड बीन' या शेंगावर्गीय पिकाची रोपे तिने पोषक द्रावणात वाढवली. बोरिक आम्लाचा लेश असलेल्या भांड्यांतील रोपे वाढत राहिली. ज्यांना ते मिळाले नाही, त्यांचे शेंडे काळवंडले आणि मेले. १९२३ मध्ये तिचा निबंध प्रसिद्ध झाला : बोरॉन हे वनस्पतीला अत्यावश्यक अन्नद्रव्य आहे.

१९/
शेंडाच का मेला? जुनी पाने का नाही? निदानाची किल्ली या प्रश्नात आहे. नत्र, स्फुरद, पालाश, मॅग्नेशियम ही द्रव्ये झाडाच्या अंगात सहज फिरतात. टंचाई आली की झाड ती जुन्या पानांतून काढून नव्या पालवीला देते. म्हणून भूक जुन्या पानांवर दिसते. लोह, कॅल्शियम, बोरॉन ही द्रव्ये एकदा पानात बसली की बहुतांशी तिथेच राहतात. म्हणून त्यांची भूक कोवळ्या पानांवर आणि शेंड्यावर दिसते. लक्षणाचा रंग नंतर पाहावा. ते कुठे उमटले, हे आधी पाहावे.

२०/
१९३९ मध्ये कॅलिफोर्नियात डॅनियल आर्नन आणि पेरी स्टाउट यांनी 'अत्यावश्यक' शब्दाला कसोटी लावली : ज्याच्यावाचून वनस्पतीचे जीवनचक्र पुरे होत नाही, ज्याची जागा दुसरे द्रव्य घेऊ शकत नाही, आणि जे तिच्या पोषणात प्रत्यक्ष भाग घेते, तेच अत्यावश्यक. त्याच वर्षी मॉलिब्डेनम या कसोटीला उतरले, १९५४ मध्ये क्लोरीन, १९८७ मध्ये निकेल. कार्बन, हायड्रोजन आणि ऑक्सिजन धरून आज ही यादी १७ मूलद्रव्यांची मानली जाते.

२१/
हे सारे जमिनीवरच्या पिकांचे झाले. पाण्यात बुडालेल्या वनस्पतीचे काय? तिची मुळे केवळ नांगरासारखी असतात, अन्न ती पानांनीच घेते, असे पुष्कळ काळ मानले जाई. विसाव्या शतकाच्या आरंभी रेमंड पॉन्ड याने अमेरिकेतील ईरी सरोवरातल्या पाणवनस्पतींवर प्रयोग केले. मातीत रुजलेल्या वनस्पती निव्वळ वाळूतल्यांपेक्षा चांगल्या वाढल्या. १९८० मध्ये कॅरिग्नॅन आणि काल्फ यांनी नऊ जातींवर दाखवले की सरोवरातील बुडालेल्या वनस्पती आपला स्फुरद मुख्यतः तळाच्या गाळातूनच घेतात. वॉरिंग्टनच्या चिखलाचे महत्त्व असे १३० वर्षांनी सिद्ध झाले.

२२/
व्हॅलिस्नेरियाही या कथेत परत येते. १९६६ मध्ये विस्कॉन्सिन विद्यापीठाच्या गर्लॉफ आणि क्रोम्बहोल्झ यांनी तिच्या अमेरिकी भावंडाच्या ऊतींचे विश्लेषण केले. कोरड्या वजनात नत्र १.३ टक्क्यांच्या आणि स्फुरद ०.१३ टक्क्यांच्या खाली गेला की वाढ खुंटते, असे त्यांना आढळले. भुकेला प्रथमच आकडा मिळाला. वनस्पती उपाशी आहे की नाही, हे पाण्याला विचारण्याऐवजी वनस्पतीलाच विचारण्याची ही रीत होती.

२३/
लोहाची अडचण वेगळीच होती. हिराकस पाण्यात टाकली की तिच्यातील लोह प्राणवायूशी संयोग पावून गंजासारखे तळाशी बसते. पाणी अल्कधर्मी असेल तर अधिकच वेगाने. लोह पेटीत असते, पण पानाच्या हाती लागत नाही. उपाय आला तो कापड उद्योगातून. १९३५ मध्ये जर्मनीत फर्डिनांड म्युन्झ याने जड पाण्यातील कॅल्शियम पकडून ठेवण्यासाठी ईडीटीए हे रसायन तयार केले. १९५२ मध्ये फ्लॉरिडातील स्ट्यूअर्ट आणि लेनर्ड यांनी त्याच्याच पकडीत लोह बसवून लिंबूवर्गीय झाडांचा पिवळेपणा घालवला. आपली कृषिसेवा केंद्रे 'चिलेटेड' म्हणून जे विकतात, ते हेच.

२४/
विसाव्या शतकाच्या अखेरीस हे ज्ञान शौकिनांच्या हाती आले. १९९६ मध्ये पॉल सीअर्स आणि केव्हिन कॉनलिन यांनी स्वस्त क्षारांपासून घरगुती द्रावण सुचवले. स्फुरद कमी राखला की शेवाळ आटोक्यात राहते, असे त्यांचे प्रतिपादन होते. त्यानंतर टॉम बार याने उलट बाजू मांडली : सारी अन्नद्रव्ये मुबलक द्या आणि दर आठवड्याला निम्मे पाणी बदलून साठा आवरा. १९९९ मध्ये डायना वॉलस्टॅड यांचे पुस्तक आले. त्यांनी खडीखाली साधी माती आणि माशांचे खाद्य यांवर भिस्त ठेवली. म्हणजे फिरून १८५० चा चिखल, पण या वेळी त्याचा हिशेब ठाऊक असताना.

२५/
आता या इतिहासाचा उपयोग. आधी जुनी पाने पाहा.
• संपूर्ण पान सारखेच पिवळे होऊन झडते : बहुधा नत्र कमी.
• पानावर टाचणीने टोचल्यासारखी छिद्रे, त्यांभोवती पिवळी-तपकिरी कड : पालाश कमी.
• शिरा हिरव्या, मधला भाग पिवळा : मॅग्नेशियम कमी.
• वाढ खुंटलेली, पाने नेहमीपेक्षा गडद, त्यांवर हिरवे ठिपकेदार शेवाळ : स्फुरद कमी असण्याची शक्यता, शेवाळाचा हा संबंध शौकिनांच्या अनुभवातून आलेला आहे.

२६/
मग नवी पाने पाहा.
• कोवळे पान फिकट, शिरा तेवढ्या हिरव्या : लोह कमी, मँगेनीजच्या उणिवेतही असेच काहीसे दिसते.
• नवे पान वाकडे, आखडलेले : कॅल्शियमचा संशय घ्या.
• शेंडाच मरतो : बोरॉन किंवा कॅल्शियम.
दख्खनच्या पठारावर बोअरचे पाणी बहुधा जड असते. त्यात कॅल्शियम सहसा कमी पडत नाही, पण लोह लवकर बसते. अशा पाण्यात ईडीटीएची पकड सामू सुमारे ६.५ च्या वर गेला की सुटू लागते. तिथे डीटीपीए किंवा ईडीडीएचए या अधिक घट्ट पकडीचे लोह लागते. कोकणात जांभ्यावरचे पाणी बहुधा मऊ असते. तिथे कॅल्शियम आणि मॅग्नेशियम आधी तपासावे.

२७/
उपाय मोजून करावा. समजा पेटीत १०० लिटर पाणी आहे आणि नायट्रेट लिटरमागे १० मिलिग्रॅमने वाढवायचे आहे. म्हणजे हवे १ ग्रॅम नायट्रेट. पोटॅशियम नायट्रेटमध्ये नायट्रेटचा वाटा सुमारे ६१ टक्के, म्हणून १.६ ग्रॅम क्षार पुरतो. त्यातूनच लिटरमागे सुमारे ६ मिलिग्रॅम पोटॅशियमही मिळते. मॅग्नेशियमसाठी एप्सम सॉल्ट वापरतात. एका वेळी एकच बदल करावा आणि दोन-तीन आठवडे थांबावे. खराब झालेले जुने पान बहुधा सुधारत नाही. उपाय लागू पडला की नाही, हे त्यानंतर फुटणाऱ्या पानांवरून ठरवावे.

२८/
काही सावधगिरी. बोरॉनची गरज आणि बोरॉनचे विष यांत अंतर थोडे आहे. तांबे वनस्पतीला लेशमात्र लागते, पण कोळंबी आणि गोगलगायींना ते घातक ठरते. शिवाय प्रत्येक पिवळे पान उपाशी नसते. रोपवाटिकेत पाण्याबाहेर वाढवलेले रोप पेटीत बुडाले की त्याची जुनी पाने गळतात आणि पाण्याला साजेशी नवी येतात. क्रिप्टोकोरायनी तर जागा बदलली तरी पाने टाकतात. आणि सर्वांत मोठे अन्नद्रव्य कार्बन. कार्बन डायऑक्साइड हवेच्या मानाने पाण्यात सुमारे दहा हजार पटींनी सावकाश पसरतो. दिवा प्रखर केला आणि कार्बन तुटपुंजा राहिला, तर अन्य क्षार ओतून उपयोग नाही. श्प्रेंगेलचा नियम इथेही लागू होतो.

२९/
वॉरिंग्टन आजोबांचा प्रयोग खोटा नव्हता. मासे जगले, व्हॅलिस्नेरिया वाढली, पाणी निवळले. त्या यशाचे कारण मात्र त्यांनी मांडलेल्या हिशेबाहून मोठे होते, आणि ते पुरते समजायला मुलाचे आयुष्य, नातीचे काम आणि त्यानंतरची कित्येक दशके लागली. स्वयंपूर्ण दिसणाऱ्या प्रत्येक व्यवस्थेला कुठून तरी अन्न येत असते. काचपेटीतले पान पिवळे पडते तेव्हा कुठला तरी न मोजलेला पुरवठा संपलेला असतो. बाटली उघडण्यापूर्वी तो कोणता, एवढे पानाला विचारावे. उत्तर कुठे शोधायचे, हे आता आपल्याला ठाऊक आहे.

(धागा समाप्त)